हरकत अजून उभी आहे

वैशाली,

तुझ्या शोकसभेत तुला शास्त्रज्ञ केलं. जे जे बोलायला उभे राहिले त्यांतल्या एकानेही तू नेमकं काय करत होतीस हे सांगितलं नाही, कारण ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्याची अडचणही कोणाला वाटली नाही. सभागृहाबाहेर हायवेच्या बाजूने फ्लेक्स लागला होता. मधोमध तुझा फोटो, कंपनीच्या ओळखपत्रातला, आणि भोवती श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो, तुझ्यापेक्षा बरेच प्रसन्न. मलाही बोला म्हणाले. मी नाही म्हटलं. मला जे सांगायचं होतं ते एका चिपच्या एका पिनेविषयी होतं, आणि त्याला टाळ्या पडल्या नसत्या.

म्हणून इथे लिहितो. पण हे दुसरेही वाचणार आहेत, तेव्हा तुला पाठ असलेलं थोडं ऐकून घे.

जगातल्या पुष्कळ यंत्रांच्या पोटात लिनक्स चालतं. त्याचा जो गाभा, म्हणजे कर्नल, त्यात बदल सुचवायला कोणालाही मोकळीक आहे. तो बदल, त्याला आपण पॅच म्हणतो, सगळ्यांना दिसेल अशा मेलिंग लिस्टवर पाठवायचा. मग त्यातलं कळणारं एखादं माणूस तो ओळ न् ओळ वाचतं आणि चुका काढतं. एका लहानशा चिपच्या पिन कंट्रोलरपुरतं ते माणूस तू होतीस. चिपला पाय असतात, त्या पिना. कोणत्या पिनेने सिग्नल आत घ्यायचा, कोणत्या पिनेने बाहेर द्यायचा, हे यंत्र सुरू होताना ठरवून द्यायचं, एवढंच त्या ड्रायव्हरचं, म्हणजे कर्नलमधल्या त्या चिपपुरत्या कोडचं, काम. वर्गात कोण कुठल्या बाकावर बसेल हे ठरवावं, तसं. कोणी त्यावर कादंबरी लिहिणार नाही.

बेंगळुरू सोडून तू लाखनीला घरी परत आलीस तेव्हा शेजारणी तुझ्या आईला विचारायच्या, पोरीची नोकरी सुटली का. तू त्यांना समजावून पाहिलंस. म्हणालीस, मी लोकांच्या चुका पाहत असते. त्या म्हणाल्या, ते तर आम्हीबी पाहतो, त्यात काय. हा किस्सा तू मला हसत सांगितलास, आणि मग गंभीर होऊन म्हणालीस की त्यांचं काही चूक नाही, फरक इतकाच की मला चूक लेखी द्यावी लागते.

आणि तू द्यायचीस. माझ्या पहिल्या पॅचला तुझं उत्तर आलं ते माझ्या पॅचपेक्षा लांब होतं. नागपूरला इंजिनिअरिंगला एका बाकावर बसलेलो आपण, प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर हात भाजून घेतलेले, आणि तू जगासमोर माझ्या कामाचा असा भुगा करावास. मी रागाने भंडाऱ्याहून बस पकडून लाखनीला आलो. तू दार उघडलंस, बस म्हणालीस, खालच्या हॉटेलातून चहा मागवलास आणि जे मेलमध्ये राहिलं होतं ते तोंडी सुरू केलंस. बाहेर ट्रक चालले होते. एखादा मोठा ट्रक गेला की तू थांबायचीस आणि तो गेल्यावर अर्ध्या वाक्यापासून पुढे. मी परत निघालो तेव्हा राग होताच, फक्त तो कोणावर काढायचा ते नीट कळत नव्हतं.

एकदा मी लिस्टवर तुझे आभार मानले होते. तू वेगळा मेल केलास, की आभार नको, पुढची आवृत्ती पाठव. तेव्हापासून मी आभार मानले नाहीत. ते तसेच शिल्लक आहेत, आणि आता ते कोणत्या पत्त्यावर पाठवायचे हे मला सुचत नाही.

शेवटचं भांडण राइस मिलवरून होतं. आमची भंडाऱ्याची छोटी कंपनी मिलसाठी कंट्रोलचा बोर्ड बनवते. धान वर चढवणारा एलिव्हेटरचा पट्टा, पॉलिशर, पंखा, हे सगळं एका जागेवरून चालू-बंद करता यावं म्हणून. बोर्डावर चिप तुझीच. पिना लावून देण्याच्या ओळी ड्रायव्हरमध्ये इकडे तिकडे विखुरलेल्या होत्या. मी त्या गोळा करून सुरुवातीलाच, एका ठिकाणी आणल्या. वाचायला सोपं झालं. मला त्या पॅचचा अभिमान वाटत होता आणि तुला त्याचा वास लागला असणार, कारण तुझं उत्तर सुरूच असं झालं की बदल फार नीटनेटका आहे, आणि नीटनेटक्या बदलाची मला धास्ती वाटते.

मग तू विचारलंस, की पिन बाहेरच्या बाजूला जोडल्यापासून ती बंद केली जाईपर्यंत जो वेळ जातो, त्यात ती काय करत असते?

ती चालू असते. चिपच तशी घडवलेली आहे. पिन बाहेर जोडली की आधी चालू येते, मग तिला बंद कर म्हणून सांगावं लागतं. मी लिहिलं, हा मधला वेळ पापणी लवण्याहूनही कमी आहे, तेवढ्यात रिले, म्हणजे मोटरला चालू कर सांगणारा स्विच, ओढलाच जात नाही, मी टेबलावर मोजलं आहे. तू लिहिलंस, आधी बंद लिही, मग जोड. मी मॅन्युअलचं पान दाखवलं. जोडण्याआधी लिहिलेलं ही चिप ऐकूनच घेत नाही, असं तिथे स्पष्ट दिलं आहे. तू विचारलंस, याच चिपच्या आधीच्या, जुन्या मॉडेलवर करून पाहिलंस का? माझ्याकडे जुनी नव्हती. तुझ्या टेबलावर होती.

वैतागून मी फोन लावला. लिस्टवर आपण इंग्रजीत भांडायचो, सुटाबुटात असल्यासारखे. फोनवर तू लाखनीची व्हायचीस. मी म्हटलं, अगं, मॅन्युअलात लिहिलंय.

"लिहिलं आहे म्हनून माना लागलं असतं," तू म्हणालीस, "तं माह्या आजोबानं छप्पन साली दीक्षाच घेतली नसती."

माझ्या आजोबांनी लाखांदूरकडच्या आमच्या गावात बसून पोथ्यांत जे जे लिहिलेलं होतं ते सगळं मानलं, त्यात बरंचसं तुझ्या आजोबांविषयीही होतं. तू ते कधी बोलून दाखवलं नाहीस. मीही विषय काढला नाही. इतक्या वर्षांच्या भांडणांत आपण तेवढं एक भांडण केलं नाही. करायला हवं होतं का, हे मी अधूनमधून स्वतःला विचारतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, विषयांतर नको.

त्या फोनवर मग तू आईचं सांगितलंस. तुझी आई पूर्वी मिलमध्ये कामाला होती. लाइन गेली, म्हणजे वीज गेली, की तिथल्या बाया एलिव्हेटरच्या खालच्या खड्ड्यात वाकून अडकलेलं धान हाताने ओढून काढतात. पट्टा चालू असताना ते करता येत नाही, आणि धान काढण्यासाठी मिल बंद करायची मालकाची तयारी नसते, म्हणून लाइन जाण्याची वाट पाहायची. त्यात वेडेपणा काही नाही. जुना स्टार्टर लाइन गेली की पडतो, आणि कोणी हाताने बटण दाबेपर्यंत मोटर पुन्हा फिरत नाही. त्यांचा भरवसा त्या पडण्यावर आहे.

"पन तुह्या बोर्डाचं काय?" तू म्हणालीस. "लाइन आली का तो आपल्या मनानं उठते. उठता उठता तुही पिन एक झटका देते. स्टार्टरले काय समजते गा, बटन कोनं दाबलं?"

मी पुन्हा म्हटलं, झटका फार लहान आहे.

"अन् तुह्या ड्रायव्हरले मधातच थांबा लागलं तं?"

असं होतं कधीकधी. एका ड्रायव्हरला दुसरा तयार होईपर्यंत ताटकळावं लागतं. मी म्हटलं, आमच्या बोर्डावर असं होत नाही.

"आज नाई होत," तू म्हणालीस. "ज्या दिवशी होईन, त्या दिवशी ती पिन कोनाच्या ताब्यात राहिन?"

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न तू लिस्टवर टाकलास, सभ्य इंग्रजीत, मिलचं आणि आईचं नाव न घेता. मी लांबलचक उत्तर लिहिलं. त्याला तुझं उत्तर आलं नाही. तोवर तू नागपूरला दवाखान्यात होतीस. एकदा भेटायला आलो तेव्हा नळ्या होत्या, नर्स होती, आणि तू खुणेने विचारलंस की पॅचचं काय झालं. मी सांगितलं, काही नाही, तू बरी हो, मग भांडू. तू मान हलवलीस. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

तर तुझा शेवटचा मेल म्हणजे तो प्रश्न. जगात कोणीही उघडून वाचू शकतं. खाली माझं लांबलचक उत्तर, आणि त्याखाली काही नाही.

तू गेल्याचं मी लिस्टवर कळवलं. आपल्या भागाचा जो वरचा मेंटेनर आहे, म्हणजे पॅच आत घ्यायचा की नाही हे शेवटी ठरवणारा, सातासमुद्रापलीकडचा, ज्याला आपण दोघांनीही कधी पाहिलेलं नाही, त्याने लगेच लिहिलं. तुझ्याविषयी चार ओळी, त्याही नेमक्या. त्याला फ्लेक्स ठाऊक नसावा. काही दिवसांनी दुसरा मेल आला. पॅचवर आता आणखी कोणाची हरकत नसेल तर घेऊन टाकू का?

त्यात त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडची रीत अशी की हरकत घेणाऱ्याने ती मागे घेईपर्यंत ती उभी असते. हरकत घेणारं माणूसच उठून गेलं तर तिचं काय होतं, हे कुठे लिहिलेलं नाही.

कंपनीत आमच्या साहेबांना अशी शंका पडली नाही. मिलांचा हंगाम तोंडावर होता, बोर्ड डब्यांत भरून तयार होते. ते म्हणाले, आता हरकत घेणारं कोणी नाही ना, मग जाऊ द्या. पुढे त्यांना आणखी एक सुचलं. पॅचखाली ज्याने तपासलं त्याचं नाव देतात, रिव्ह्यूड-बाय म्हणून. तिथे मॅडमचं नाव टाका, तीच खरी श्रद्धांजली. हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते, वैशाली. खरोखर भरून आले होते. तरी मी सांगितलं की तो शब्द ज्याचा त्यानेच द्यायचा असतो, दुसऱ्याच्या वतीने देता येत नाही, आणि तिने तो दिला नव्हता. ते म्हणाले, तिने दिलाच असता. मी म्हटलं, नसता दिला, तुम्ही तिला ओळखत नव्हता. हे जरा जास्त झालं, पण खरं होतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या घरी आलो. भंतेजी आले होते. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, जेवणं झाली, माणसं पांगली. मी रेंगाळलो. तुझी आई म्हणाली, "तू तं रोज भांडत होता ना फोनवर तिच्यासंगं?"

मी हो म्हटलं.

"मंग आता कोनासंगं भांडशीन?"

मी म्हटलं, तेच करायला आलोय, तिच्या टेबलावर थोडं काम आहे. आईने माडीवरची खोली उघडून दिली. म्हणाली, काय पाहिजे ते कर, फक्त टेबल आवरू नको.

जुन्या चिपचा बोर्ड तिथेच होता, तारांसकट. पिनेला मोटरऐवजी एक लहान दिवा जोडला. आधी तू म्हणत होतीस ते करून पाहिलं. पिन जोडण्याआधी तिच्यावर बंद लिहिलं, मग जोडली. दिवा चमकला. पुन्हा केलं, पुन्हा चमकला. चिपने आधीचं ऐकलंच नव्हतं. मॅन्युअल या वेळी खरं होतं आणि तू चूक होतीस. मी जिंकलो होतो. तो आनंद फारच अडचणीचा होता. खुर्ची तुझी, टेबल तुझं, आणि दारात तुझी आई उभी.

मग तुझा दुसरा प्रश्न घेतला. ड्रायव्हरला मधेच थांबायला लावलं, दुसऱ्या कोणाची वाट पाहत असल्यासारखं. दिवा पेटला आणि पेटलेलाच राहिला. मी हात लावेपर्यंत तो तसाच राहणार होता. एक ट्रक गेला, मग आणखी एक गेला.

"पेटला का?" आईने विचारलं.

"पेटला."

"पेटाले पायजे होता का?"

"नाही."

"मंग ती बरोबर होती," आई म्हणाली आणि खाली चहा ठेवायला गेली. दिव्याच्या पहिल्या चमकण्याविषयी मी तिला काही सांगितलं नाही. ते आपल्या दोघांतलं आहे.

नवी आवृत्ती मी दुसरीकडून बांधली. पिना एकदम सुरुवातीला लावायचा माझा नीटनेटकेपणा काढून टाकला. आता ड्रायव्हर सगळ्यांची वाट पाहून, सगळी तयारी करून होईपर्यंत पिन आत वळलेलीच राहते, कोणालाच झटका देऊ शकत नाही. अगदी शेवटी ती बाहेर जोडायची आणि त्याच दमात बंद लिहायचं, मधे कोणाला शिरू न देता. फट उरली आहे. पण आता ती खरोखर पापणीहून लहान आहे आणि कोणाला ताणता येत नाही. तू यावर म्हणाली असतीस की उरली आहे ना, मग उरली आहे असं लिही. तेही लिहिलं आहे, पॅचसोबतच्या टिपणात, चौथ्या परिच्छेदात, मॅन्युअलच्या पानासकट.

तुझं नाव खाली आहे, पण तपासणारी म्हणून नाही. दोष दाखवणाऱ्याचं नाव द्यायची वेगळी ओळ असते, तिथे आहे. साहेबांना ती ओळ जरा कमी मानाची वाटली.

हा पॅच मी तुझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून, त्याच धाग्यात पाठवला. वर लिहिलं, की आधी लिहून मग जोडण्याची तुझी सूचना या चिपवर चालत नाही, दोन्ही चिपांवर पाहिलं. पण फटीबद्दलची तुझी हरकत बरोबर होती आणि हा बदल तिच्यासाठी आहे. मग रिवाजाप्रमाणे थांबलो. एक-दोघांनी बरं म्हटलं. दुसऱ्या एका देशातल्या मुलीने, जिला तू कधीकाळी असंच झोडपलं होतंस, एक ओळ सुधारायला लावली आणि मग आपला शब्द दिला. हरकत कोणी घेतली नाही. असली शांतता मला कधी मिळाली नव्हती आणि मला ती सोसेना. तू नसताना आलेल्या होकारावर माझा विश्वास बसत नव्हता. पॅच कर्नलमध्ये गेला. मी मात्र बोर्ड डब्यांतून काढून एकेकात नवा ड्रायव्हर भरला आणि ते बसवायला स्वतः जाऊ लागलो.

परवा लाखांदूरकडच्या एका मिलमध्ये होतो. आधी मोटरची तार काढून लाइन घालवली, आणली, घालवली, आणली. सगळं ठीक होतं. मग तार जोडली आणि मिल सुरू झाली. मी मालकाशी बोलत असताना लाइन खरीच गेली. बोलणं संपवून वळलो तर एक बाई एलिव्हेटरच्या खड्ड्यात खांद्यापर्यंत हात घालून वाकलेली. तिला मी दुपारीच सांगितलं होतं की आधी मेन स्विच पाडत जा. तिने हो म्हटलं होतं. मी धावलो, ओरडलो, आणि मी पोचायच्या आत लाइन आली. बोर्डावरचे दिवे एकेक करून लागले. तो उठत होता. मी पट्ट्याकडे पाहत होतो.

पट्टा हलला नाही. बोर्ड पूर्ण उठला, दिवा हिरवा झाला, आणि पट्टा जिथे होता तिथेच होता. बाईने मूठभर धान बाहेर काढून बाजूला टाकलं आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"काहून ओरडता जी?"

मी म्हटलं, बाई, मेन स्विच पाडत जा म्हणून सांगितलं होतं ना.

"लाइन गेली का मशीन बंदच राहते ना जी," ती म्हणाली. "कोनी बटन दाबल्याबिगर थोडीच चालू होते."

मी मेन स्विच कुठे आहे ते तिला पुन्हा दाखवलं. तिने पुन्हा हो म्हटलं. ती तो पाडणार नाही हे तिला आणि मला दोघांनाही कळत होतं. तिचं म्हणणं आता खरं आहे, हे काही तिला सांगायची गरज नव्हती. तुला सांगायचं होतं.